यंत्रनौकेची कंट्रोल केबल : दुरुस्ती की बदल?

दिवस मावळतीला आला की कोकण किनाऱ्यावरील लहानमोठ्या बंदरांत होड्या परतू लागतात. डहाणूपासून वेंगुर्ल्यापर्यंत हे दृश्य थोड्याफार फरकाने सारखेच असते. खाडीच्या मुखाशी एका अंगाला खडक, दुसऱ्या अंगाला वाळूची पट्टी आणि मधल्या चिंचोळ्या पाण्यातून एकामागून एक आत शिरणाऱ्या नौका. अशा वेळी तांडेलाचा एक हात सुकाणूवर असतो आणि दुसरा कंट्रोलच्या दांड्यावर. धक्का जवळ येताच तो दांडा मागे ओढतो. एखाद्या दिवशी असे घडते की, दांडा मागे येतो, पण पंखा मात्र पुढेच फिरत राहतो. होडी धक्क्यावर किंवा शेजारच्या होडीवर आदळते. फळी फुटते, फायबरला तडा जातो आणि मध्ये कुणाचा हात वा पाय सापडला तर जन्माचे अधूपण येते. मागाहून इंजिन उघडून पाहावे तर ते धडधाकट असते. दोष असतो तो दांड्यापासून इंजिनापर्यंत गेलेल्या, बोटाएवढ्या जाडीच्या एका केबलमध्ये.

इंजिनाची निगा आमचे मच्छीमार बांधव जिवापाड राखतात. तेल बदलणे, गाळणी साफ करणे, प्लग पुसणे ही कामे घरातील पोरेही शिकलेली असतात. केबलच्या वाट्याला मात्र ही काळजी क्वचितच येते. ती फळीखालून, जाळ्यांच्या ढिगामागून, कधी साचलेल्या पाण्यातून गेलेली असते. डोळ्यांआड असल्यामुळे ती विस्मरणात जाते आणि तुटते तेव्हाच तिची आठवण होते.

घंटेपासून केबलपर्यंत

यंत्र आणि ते चालविणारा हात यांच्यात काही अंतर असावे, ही अडचण तशी जुनीच आहे. नॉर्वेत जन्मलेल्या आणि अमेरिकेत स्थायिक झालेल्या ओले एव्हिनरूड यांनी १९०९ साली मिलवॉकी येथे होडीच्या पिछाडीवर अडकविण्याजोगे व्यवहारोपयोगी इंजिन बाजारात आणले. त्या काळच्या अशा इंजिनांना न्यूट्रल नव्हते. यंत्र सुरू झाले की होडी निघाली आणि थांबायचे तर यंत्रच बंद करायचे, असा तो सरळ मामला होता. गिअर आणि रेस यांचे स्वतंत्र नियंत्रण पुढे आले.

मोठ्या नौकांवर हे काम माणूसच करी. मुंबई बंदरातील लाँचींवर सारंग वर उभा राहून दोरीने घंटा वाजवी आणि खाली इंजिनापाशी बसलेला ड्रायव्हर ठोक्यांच्या खुणेवरून गिअर टाकी, रेस वाढवी किंवा यंत्र बंद करी. ही पद्धत साधी आणि भरवशाची खरी, परंतु त्यासाठी एक माणूस कायम इंजिनापाशी गुंतून पडे. १९५२ च्या करारान्वये आजच्या केरळात कोल्लमजवळ सुरू झालेल्या इंडो-नॉर्वेजियन प्रकल्पानंतर आणि राज्योराज्यीच्या यांत्रिकीकरणाच्या योजनांनंतर लहान यंत्रनौकांची संख्या वाढली. दोन-तीन माणसांच्या होडीला घंटेसाठी वेगळा ड्रायव्हर परवडणारा नव्हता. त्याची जागा केबलने घेतली. घंटा ऐकणारा ड्रायव्हर चुकला तर त्याला ओरडून सांगता येत असे. केबलला ती सोय नाही.

केबलच्या पोटात काय असते?

सायकलच्या ब्रेकची तार आणि नौकेची कंट्रोल केबल दिसायला सारख्या वाटल्या तरी त्यांच्यात मूलभूत भेद आहे. ब्रेकची तार केवळ ओढण्याचे काम करते. ती परत नेण्याचे काम स्प्रिंग करते. नौकेच्या केबलला ओढावेही लागते आणि ढकलावेही लागते, कारण त्याच केबलने गिअर पुढेही पडतो आणि मागेही. त्यासाठी तिच्या गाभ्यात पोलादाची ताठ तार असते. ही तार प्लॅस्टिकचे अस्तर असलेल्या नळीतून सरकते. नळीभोवती पोलादी तारांचे वेष्टन आणि त्यावर पाणी न शिरू देणारे जाड आवरण असते. दोन्ही टोकांना आटे पाडलेल्या सळ्या असून, त्या नळीत शिरतात तेथे रबराची टोपी बसविलेली असते.

होडीवर अशा दोन केबली असतात, एक गिअरची आणि दुसरी रेसची. एकाच दांड्याच्या कंट्रोलमध्ये हा दांडा मधोमध उभा असताना गिअर न्यूट्रलमध्ये असतो. पुढे किंवा मागे सरकविताना पहिल्या टप्प्यात गिअर पडतो आणि त्यापुढे रेस वाढू लागते. हा क्रम कंट्रोलच्या डबीतील दातेरी चाके सांभाळतात. म्हणूनच रेस चढलेली असताना गिअर बदलला जाण्याचा धोका टळतो, अर्थात दोन्ही केबली नीट जुळविलेल्या असतील तर.

केबलचा शत्रू एकच, खारे पाणी. टोकावरील रबराची टोपी तडकली की तेथून पाणी आत शिरते. गाभ्याची तार गंजते, फुगते आणि अस्तराला धरून बसते. दांडा जड लागू लागतो. मग तो दोन्ही हातांनी रेटला जातो. या रेट्याने तार आतल्या आत वाकते आणि वाकलेल्या जागी अस्तर खरवडले जाते. दांडा जड लागणे हा त्यामुळे पहिला इशारा होय आणि तो बहुधा तुटण्याच्या कितीतरी आधी मिळतो. दुसरा इशारा याच्या उलट असतो. दांडा हलतो, परंतु पहिली दोन-तीन बोटे काहीच घडत नाही. ही ढिलाई झिजलेल्या खिळीमुळे, सैल पडलेल्या चेकनटमुळे किंवा केबलचे बाहेरील आवरण जागेवरून सुटल्यामुळे येते.

दोष नेमका कोठे आहे?

दांडा अडला की केबल गेली, असा निष्कर्ष काढण्याची घाई अनेकदा होते आणि चांगली केबल फेकून दिली जाते. याउलट, केबल गेलेली असताना गिअरपेटी उघडून बसण्याचे प्रकारही घडतात. वास्तविक दोषाचे ठिकाण शोधण्याची रीत अगदी सोपी असून तिला पाना, पक्कड आणि अर्धा तास यांपलीकडे काही लागत नाही. दांड्यापासून पंख्यापर्यंतच्या साखळीचे तीन भाग पाडावेत आणि प्रत्येक भाग निरनिराळा हलवून पाहावा, एवढेच तिचे सूत्र.

प्रथम इंजिन बंद करून किल्ली काढून घ्यावी आणि किल स्विचची दोरीही काढावी. आऊटबोर्ड असल्यास प्लगच्या तारा सोडवाव्यात. डिझेल इंजिन असल्यास बॅटरीचे कनेक्शन काढावे. पंख्याला हात लावण्याचा प्रसंग येणार आहे, म्हणून ही दक्षता टाळता कामा नये.

त्यानंतर इंजिनाच्या बाजूची स्प्लिट पिन काढून केबल मोकळी करावी. आता इंजिनावरील गिअरची पट्टी हाताने हलवावी. आऊटबोर्डमध्ये दातेरी क्लच असतो आणि यंत्र बंद असताना त्याचे दाते समोरासमोर येऊन अडू शकतात. म्हणून पट्टी हलविताना दुसऱ्याने पंखा हळूहळू फिरवीत राहावे. हे ठाऊक नसल्यामुळे चांगल्या गिअरवर बळाचा प्रयोग करून तो बिघडविल्याची उदाहरणे प्रत्येक बंदरावर ऐकावयास मिळतात. पंखा फिरवीत असताना पट्टी पुढे, मध्ये आणि मागे सुखाने गेली, तर इंजिन निर्दोष आहे असे समजावे.

मग इंजिनापासून सुटलेली केबल तशीच लोंबती ठेवून कंट्रोलचा दांडा हलवावा. तो हलका चालला आणि केबलचे टोक पूर्ण अंतर आत-बाहेर सरकले, तर दोष जुळणीत होता. दांडा अजूनही जड असेल तर कंट्रोलची डबी उघडून केबल तेथूनही सोडवावी. आता मोकळा दांडा सहज फिरतो की नाही ते पाहावे आणि सुटी केबल हाताने आत-बाहेर सरकवून पाहावी. तिघांपैकी जो अडतो तो दोषी. यात तर्काला जागा उरत नाही.

इंजिन सुरूच होत नाही, ही तक्रारही पुष्कळदा याच साखळीत जन्म घेते. अनेक यंत्रांत दांडा न्यूट्रलमध्ये असल्याखेरीज स्टार्टरला वीज मिळू नये म्हणून एक छोटा स्विच बसविलेला असतो. केबल ताणली गेली वा जुळणी सरकली की दांडा मध्ये दिसतो, पण स्विच मिटत नाही. बॅटरी बदलून, स्टार्टर खोलून झाल्यावर दांडा किंचित मागेपुढे हलविताच यंत्र सुरू होते आणि सारे चकित होतात. अशा वेळी काहीजण आणीबाणीची दोरी गुंडाळून इंजिन ओढतात. दोरीने सुरू करताना ही स्विचची राखण कित्येक इंजिनांत लागू पडत नाही. गिअर पडलेला असेल तर होडी एकदम झेप घेते आणि पिछाडीवर उभा असलेला माणूस पाण्यात फेकला जातो, फिरत्या पंख्याशेजारी. दोरी ओढण्यापूर्वी गिअर खरोखर सुटला आहे, हे पंखा हाताने फिरवून पाहिल्याशिवाय कोणीही समजू नये. ही पाहणी अर्थातच किल्ली आणि किल स्विचची दोरी काढूनच करावी.

काय दुरुस्त करावे, काय टाकून द्यावे?

कंट्रोलची डबी बहुतेक वेळा दुरुस्त होते. आत मीठ साचलेले असते आणि जुने ग्रीस मेणासारखे घट्ट झालेले असते. डबी उघडण्यापूर्वी आतील चाकांची मांडणी नीट पाहून ठेवावी, खुणेचा ठिपका लावावा, गोड्या पाण्याने मीठ काढून भाग कोरडे करावेत आणि सागरी वापराचे नवे ग्रीस लावावे. तुटलेली स्प्रिंग, झिजलेली खिळी, गेलेला स्विच हे भाग सुटे मिळतात. डबीचे कवचच तडकले असेल किंवा न्यूट्रलचा अटकाव लागत नसेल, तर मात्र डबी बदलणे योग्य.

केबलची गोष्ट निराळी आहे. केबल दुरुस्त होत नाही. हे वाक्य कटू वाटले तरी त्याला पर्याय नाही. बंदरावरील कारागीर मोठे कल्पक असतात आणि त्यांच्या कल्पकतेवर कितीतरी होड्या चालतात, हे मान्य केले पाहिजे. तथापि तुटलेल्या केबलला जोड देणे, स्कूटर-सायकलची तार तिच्या जागी ओवणे किंवा स्प्लिट पिनऐवजी तांब्याची तार पिळणे, हे उपाय होडी किनाऱ्याला आणण्यापुरते ठीक होत. सायकलची तार ढकलू शकत नाही. तिच्या भरवशावर पुढचा गिअर पडेल, पण मागचा पडेलच असे नाही आणि मागचा गिअर हा यंत्रनौकेचा एकमेव ब्रेक असतो. तांब्याची तार तर दुहेरी घात करते. ती मऊ असल्याने झिजते आणि खाऱ्या पाण्यात शेजारच्या ॲल्युमिनियमच्या भागाला खाऊन टाकते.

जड झालेल्या केबलमध्ये तेल सोडून ती उलटी टांगून ठेवण्याचा प्रघातही सर्वत्र आहे. चार दिवस बरे वाटते. परंतु गाभ्याला चढलेला गंज तेलाने उतरत नाही आणि फाटलेले अस्तर सांधले जात नाही. ग्रीसचा उपयोग बाहेर दिसणाऱ्या सळ्यांपुरताच असतो. तेथे तो अवश्य करावा. जी केबल इंजिन आणि दांडा या दोहोंपासून सोडविल्यावरही हाताने सहज सरकत नाही, जिच्या आवरणावर फुगवटा, तडा किंवा गंजाचा तांबूस ओघळ दिसतो, ती त्याच दिवशी टाकून द्यावी. गिअरची आणि रेसची केबल एकाच वेळी बसविलेली असल्यास दोन्ही बदलाव्यात. एकीने जेवढे मीठ खाल्ले तेवढेच दुसरीनेही खाल्लेले असते. चाकाने सुकाणू फिरविणारी केबल असल्यास तिलाही हाच न्याय लागू आहे.

नवी केबल बसविताना

दुकानात जाताना जुनी केबल सोबत न्यावी. लांबी फुटांत मोजलेली असते आणि ती आवरणावर छापलेली असते. टोकांची घडण मात्र इंजिनाच्या बनावटीप्रमाणे बदलते. काहींचे आटे इंची मापाचे तर काहींचे मेट्रिक असतात. हे दोन्ही आटे दिसायला इतके जवळचे असतात की नट दोन-तीन फेरे चढतोही आणि नंतर आटे खाऊन बसतो.

लांबीचा हिशेब सरळ रेषेत करू नये. केबल ज्या वाटेने जाणार त्या वाटेने दोरी टाकून माप घ्यावे आणि आऊटबोर्ड दोन्ही बाजूंना पूर्ण वळेल व वर उचलता येईल इतकी ढील ठेवावी. वळण कोठेही २०० मिलिमीटर, म्हणजे सुमारे ८ इंच त्रिज्येपेक्षा लहान असू नये. जागा अडचणीची आहे म्हणून केबल कोपऱ्यात मुडपली की नवी केबलही पहिल्या दिवसापासून जड चालते आणि दोष मात्र मालाला दिला जातो. ती साचत्या पाण्याच्या वरून न्यावी, नांगराच्या दोरापासून दूर ठेवावी आणि ठिकठिकाणी क्लिप लावून बांधावी, पण आवरण चिरडेल इतकी घट्ट नको.

जुळणी करताना दांडा आणि इंजिनावरील पट्टी या दोन्ही गोष्टी न्यूट्रलमध्ये ठेवाव्यात. टोकाचा जोड सळीवर निदान ८ मिलिमीटर आट्यांनी चढलेला असावा. कमी आटे धरले तर तो धक्क्याने निसटतो. चेकनट आवळावा आणि स्प्लिट पिन प्रत्येक वेळी नवी, स्टेनलेस स्टीलची घालावी. दांडा पूर्ण पुढे केला असता रेस पुरी चढली पाहिजे आणि न्यूट्रलला आणताच ती पूर्ण उतरली पाहिजे. आऊटबोर्ड तपासण्यासाठी कोरडे चालवू नये. त्याच्या पाण्याच्या पंपातील रबरी चक्री पाण्यावाचून थोड्या वेळातच खराब होते. पाण्याने भरलेले पिंप त्यासाठी पुरेसे असते.

भर समुद्रात केबल तुटली तर

इतके करूनही समुद्रात प्रसंग ओढवू शकतो. रेस चढलेली असताना केबल अडली तर दांड्याशी झटापट करण्यात वेळ घालवू नये. आऊटबोर्डवर किल स्विचची दोरी ओढताच यंत्र बंद पडते. जुन्या पद्धतीच्या डिझेल इंजिनाचे तसे नाही. किल्ली बंद करूनही ते चालतच राहते, कारण त्याला चालण्यासाठी वीज लागत नाही. तेथे डिझेल तोडणारा स्टॉपचा दांडा ओढावा लागतो. तो कोठे आहे हे एकट्या तांडेलाला नव्हे, तर प्रत्येक खलाशाला अंधारातही सापडले पाहिजे.

यंत्र बंद होताच, पाणी उथळ असल्यास, पहिला नांगर टाकावा. होडी खडकाकडे वाहत जात असताना इंजिनाचे झाकण उघडून बसणे हा घातक क्रम होय. नांगर धरल्यानंतर तुटलेली केबल इंजिनापासून सोडवावी. एकाने सुकाणू धरावे आणि दुसऱ्याने इंजिनावरील पट्टी हाताने हलवून गिअर टाकावा, तोही रेस पूर्ण उतरलेली असतानाच. पुढे, मागे, बंद यांसाठी दोघांनी आधीच ठरविलेले मोजके शब्द असावेत. जुन्या लाँचीवरील घंटा अशा वेळी पुन्हा कामी येते, एवढेच की ती तोंडाने वाजवावी लागते. होडी अशी हळूहळू बंदरात आणता येते. ते शक्य नसल्यास व्हीएचएफ संचाच्या १६ क्रमांकाच्या चॅनेलवर हाक द्यावी किंवा मोबाइलला संपर्क मिळत असल्यास तटरक्षक दलाच्या १५५४ या क्रमांकावर कळवावे. होडीत वल्ही ठेवण्याची जुनी रीत यंत्र आले म्हणून सोडलेल्यांना तिचे मोल अशाच वेळी कळते.

शाकारणीचे दिवस

या कामाला योग्य काळ पावसाळ्याचा. १ जूनपासून यंत्रनौकांची मासेमारी बंद होते आणि होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारल्या जातात. जाळी विणणे, डांबर-रंग देणे, इंजिन उतरविणे या कामांबरोबरच केबलची वर सांगितलेली तीन टप्प्यांची तपासणी उरकावी. ती पाऊस सुरू होण्यापूर्वी केली तर नवा माल मागविण्यास दोन महिने हाताशी राहतात. नौका पाण्यात लोटण्याच्या आदल्या दिवशी हा दोष सापडला, तर बंदरावरील प्रत्येकालाच कारागीर त्या दिवशी हवा असतो. शाकारलेल्या होडीत दांडा न्यूट्रलमध्ये ठेवावा, उघड्या सळ्यांना ग्रीस लावून त्यांवर कापड गुंडाळावे आणि आठवड्यातून एकदा दांडा पुढे-मागे करून घ्यावा. प्लॅस्टिकने गच्च बांधू नये. आत बाष्प कोंडून गंज चढतो.

ज्या तरुणांना ही कामे पद्धतशीर शिकावयाची आहेत, त्यांच्यासाठी राज्याच्या मत्स्यव्यवसाय विभागाची प्रशिक्षण केंद्रे आहेत. सागरी मत्स्यव्यवसाय, नौकानयन आणि सागरी डिझेल इंजिनाची देखभाल व परिचालन यांचा ६ महिन्यांचा अभ्यासक्रम वर्सोवा, अलिबाग, रत्नागिरी यांसारख्या ठिकाणी चालविला जातो. घरच्या होडीवर वाढलेल्या मुलाला समुद्राचे ज्ञान उपजतच असते. यंत्राचे ज्ञान मात्र शिकूनच घ्यावे लागते.

नारळी पौर्णिमेच्या सुमारास होड्या पुन्हा पाण्यात लोटल्या जातात. त्यानंतरची पहिली चाचणी खुल्या पाण्यात करू नये. होडी पुढून आणि मागून जाड दोरांनी धक्क्याला बांधावी, इंजिन गरम होऊ द्यावे आणि दांडा सावकाश पुढे, मध्ये, मागे, पुन्हा मध्ये असा दहा-बारा वेळा फिरवावा. प्रत्येक वेळी एकाने पिछाडीवर उभे राहून पंख्याचे पाणी कोणत्या दिशेला जाते ते पाहावे आणि तांडेलाला सांगावे. मध्ये आणल्यावर पाणी शांत झाले नाही, तर जुळणी पुन्हा करावी. सारे ठीक असल्यास केबल बसविल्याचा महिना आणि वर्ष कंट्रोलच्या डबीवर रंगाने लिहून ठेवावे, म्हणजे पुढील शाकारणीला तिचे वय कोणाला आठवावे लागणार नाही.